गावाला पाठ असलेल्या सिनेमाचा रिमेक करावा का?

अमळनेरच्या एका तरुणाने विचारलंय: "काका, आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप अहिराणी कॉमेडी व्हिडिओ करतो. बऱ्यापैकी बघितले जातात. आता दोन तासांचा सिनेमा करायचा म्हणतोय. सगळ्यांचं मत पडलं की 'अशी ही बनवाबनवी' अहिराणीत करू. घरचे म्हणतात, त्याला हात लावाल तर लोक जोड्याने मारतील. लोकांच्या इतक्या लाडाचे सिनेमे पुन्हा करावेत का? तुम्ही एवढी वर्षं या धंद्यात काढली, तुम्हीच सांगा."

सांगतो. पण मी सिनेमा कधी केलेला नाही, फक्त पोचवला आहे, हे आधीच सांगून ठेवतो. भुसावळला सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचं, म्हणजे आमच्या भागातल्या वितरक-थेटरवाल्यांच्या संघटनेचं, मुख्य कार्यालय. त्यामुळे खान्देश, विदर्भ, मध्य प्रदेश या पट्ट्यातल्या सिनेमांची बोलणी आमच्या गावात चालायची, आणि जंक्शन असल्यामुळे प्रिंटच्या पेट्या इथून चारी दिशांना रेल्वेने जायच्या. मी १९८६ साली एका वितरकाकडे पोऱ्या म्हणून लागलो. काम एकच, पेट्या पार्सल ऑफिसला न्यायच्या आणि आणायच्या. तीन तासांच्या सिनेमाची सोळा-सतरा रिळं असत, पेटी उचलताना कंबर कळायची. मग रिप्रेझेंटेटिव्ह झालो, म्हणजे पेटीबरोबर थेटरात जायचं, तिकिटांचे स्टब मोजायचे आणि मालकाने हिशेबात हात मारला नाही ना ते बघायचं. पुढे स्वतःचं बुकिंग केलं. तेव्हा माझं मत हे तिकीटखिडकीच्या आतल्या बाजूने बनलेलं मत आहे, असं धरून चाल.

'कल्ट' हा शब्द मी फार उशिरा ऐकला. आमच्याकडे त्याला 'रिपीटचा माल' म्हणत. पहिल्या फेरीत चाललेला सिनेमा दोन-चार वर्षांनी कमी भाड्याने परत लावायचा, मॅटिनीला नाहीतर यात्रेच्या दिवसांत. तो परत परत चालला की रिपीटचा माल. यात एक गंमत होती. पहिल्या फेरीत हाऊसफुल गेलेले कितीतरी सिनेमे पुढच्या वर्षी कोणी फुकट दाखवतो म्हटलं तरी बघत नसत. आणि पहिल्यांदा पडलेला एखादा तिसऱ्या-चौथ्या फेरीत असा काही उठायचा, की मालक स्वतः फोन करून पेटी मागायचे. असा सिनेमा कुठल्या कंपनीने ठरवून बनवलेला नसतो. तो लोकांनी बघून बघून बनतो, आणि त्याला वर्षं लागतात.

एक प्रसंग सांगतो. नव्वदच्या दशकातली गोष्ट, हिवाळा, यावलला 'शोले'ची रिपीट फेरी. प्रिंट इतकी फिरलेली, की कडेची भोकं फाटलेली. फाटलेला भाग कापायचा आणि दोन टोकं सिमेंटने जोडायची, याला इलाज नसायचा. दर जोडणीला थोडा सिनेमा कमी होई. मी ऑपरेटरच्या केबिनमध्ये स्टुलावर बसलो होतो. कार्बनच्या कांड्यांचा तो करपट वास, त्या छोट्या खिडकीतून खाली स्टॉलमधली डोकी दिसतायत. गब्बरचा एक मोठा सीन आला. त्यातलं एक वाक्य कापलेल्या तुकड्यात गेलं होतं. पडद्यावर तोंड उघडलं आणि चित्र उडी मारून पुढच्या शॉटवर गेलं.

आणि ते वाक्य खालून आलं. तीन-चारशे माणसांनी, एका सुरात, नेमक्या जागी, नेमक्या ठेक्यात ते म्हटलं. पुढचं वाक्य पडद्यावरून आलं, कुठे सांधा कळला नाही. मग सगळं थेटर आपल्याच करामतीवर हसलं.

मी घाबरलो होतो, आता मालक भाडं कापणार. ऑपरेटरने बिडी विझवली आणि म्हणाला, "राहू द्या ना भो. तेवढा तुकडा पब्लिककडे आहे."

रिमेकबद्दल माझं जे काही म्हणणं आहे ते सगळं त्या माणसाच्या या वाक्यात आहे. गावाला पाठ असलेल्या सिनेमाचा काही भाग प्रिंटमध्ये असतो आणि काही पब्लिककडे. रिमेक करणारा निर्माता हक्क विकत घेतो, तेव्हा त्याला पहिला भाग मिळतो. दुसऱ्या भागाची पावती कोणीच फाडू शकत नाही.

आता तुझ्या घरच्यांकडे येऊ. "हात लावू नका" हे त्यांचं म्हणणं मला पटत नाही. ज्याला हात लावू नका म्हणतात, तो सिनेमाच मुळात हात लावून झालेला आहे. १९५५ साली बंगालीत 'जय माँ काली बोर्डिंग' आला. त्यावरून हृषीकेश मुखर्जींनी १९६६ साली हिंदीत 'बीवी और मकान' केला. आणि त्यावरून १९८८ साली सचिन पिळगावकरांचा 'अशी ही बनवाबनवी'. पुढे तो तेलुगूत गेला, २००९ साली 'पेइंग गेस्ट्स' या नावाने हिंदीत परतही आला. म्हणजे मराठी माणूस ज्याला आपल्या घरचं ताट समजतो, ते तिसऱ्या पंगतीचं. तरी पहिल्या दोन पंगतींची आज किती लोकांना आठवण आहे? महेश कोठारेंचा १९८५ चा 'धूमधडाका' घे. तो 'प्यार किए जा'वरून आणि तो तमिळ 'कादलिक्क नेरमिल्लै'वरून. इतकंच काय, मेहबूब खान यांनी आपलाच १९४० चा 'औरत' १९५७ साली 'मदर इंडिया' म्हणून पुन्हा केला. बाबूराव पेंटरांनी १९२५ चा मूक 'सावकारी पाश' १९३६ साली बोलपट करून पुन्हा काढला. मूळ सिनेमाला आवाज नव्हता, तो आता मिळत होता. यापेक्षा सरळ कारण रिमेकला असू शकत नाही.

तेव्हा करावा की नाही हा प्रश्न माझ्या मते अर्धाच आहे. पब्लिककडे काय आहे आणि काय नाही, हे आधी बघायला लागतं.

'अग्निपथ' घे. १९९० चा मूळ सिनेमा आमच्या सर्किटमध्ये अपेक्षेइतका चालला नाही. अमिताभला त्यासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण त्याने तो घोगरा आवाज काढला होता, आणि बाल्कनीपासून स्टॉलपर्यंत सगळ्यांची एकच तक्रार, हा आपल्या अमिताभचा आवाज नाही. पुढच्या फेऱ्यांमध्ये आणि टीव्हीवर मात्र तो सिनेमा लोकांच्या डोक्यात बसला. मांडव्याच्या मास्तरच्या पोराचं दुःख लोकांना कळलं होतं, सांगण्याची पद्धत पचली नव्हती. म्हणजे गोष्टीत दम होता आणि सिनेमात भोक होतं. २०१२ साली करण मल्होत्राने नेमकं तिथे काम केलं. आवाजाची नक्कल टाळली. मिथुनचा कृष्णन अय्यर मूळ सिनेमात लोकांचा लाडका होता, तर त्याची जागा दुसऱ्या नटाने भरण्याच्या भानगडीत न पडता ते पात्रच काढून टाकलं. आणि रौफ लाला नावाचं नवं पात्र आणून ते ऋषी कपूरला दिलं, ज्याला लोकांनी जन्मभर स्वेटर घालून गाणी म्हणताना पाहिलेलं. त्या पात्राची तुलना करायला लोकांकडे काहीच नव्हतं. धंदा चांगला झाला.

'डॉन'चं वेगळं. १९७८ चा डॉन रिपीटचा राजा, त्यात भोक नव्हतं. फरहान अख्तरने २००६ साली काय केलं, तर पब्लिककडे जो तुकडा आहे त्याचाच गळ केला. मूळ सिनेमा पाहिलेला माणूस खुर्चीत निवांत बसतो, त्याला माहीत असतं की डॉन मेला आहे आणि हा त्याच्या जागी आणलेला साधा माणूस आहे. शेवटी कळतं की हा डॉनच आहे. ज्याने मूळ सिनेमा पाहिलाच नाही त्याला धक्का कमी बसला, ज्याला तो पाठ होता तो तोंडावर आपटला. जळगावला शो सुटल्यावर जिन्यात दोन पन्नाशीचे गृहस्थ अक्षरशः भांडत होते, हे पटलं की नाही यावर. भांडण जिन्यापर्यंत आलं, म्हणजे माझं पुढचं तिकीट विकलं गेलं, हा आमचा ठोकताळा.

याच्या उलट २००७ ची 'राम गोपाल वर्मा की आग'. शोलेचा रिमेक. आधी नावावरूनच कज्जा, मग सिनेमा पडला, आणि २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने हक्कभंगापोटी १० लाख रुपये भरायला लावले. का पडला यावर पानं भरून लिहिलं गेलंय. मला एवढंच दिसतं की शोलेत भरायला भोक नव्हतं आणि लावायला गळही नव्हता. प्रत्येक सीनला लोक आपल्याकडचा तुकडा हातात घेऊन बसले होते आणि पडद्यावरचा तुकडा त्याला कुठेच जुळत नव्हता.

माझीही एक जखम आहे. सिनेमाचं नाव सांगत नाही. एका जुन्या गाजलेल्या सिनेमाचा रिमेक येत होता आणि मी आमच्या तालुक्यातल्या एका थेटरमालकाला गळ घालून मिनिमम गॅरंटी भरायला लावली. मिनिमम गॅरंटी म्हणजे सिनेमा चालो न चालो, एवढी रक्कम आधी द्यायची. माझा हिशेब सोपा होता. नाव ओळखीचं आहे, पोस्टर बघून लोक येतील. आणि आले. शुक्रवारी बाराचा शो भरला, सहाचाही भरला. शनिवारी बाल्कनी रिकामी. सोमवारी मालकाने मला ऑफिसात बोलावलं, काही बोलला नाही, कलेक्शनचा कागद माझ्याकडे फिरवला आणि पंख्याकडे बघत बसला. दुपारच्या शोची अकरा तिकिटं होती. त्यातली दोन डोअरकीपरच्या मेहुण्यांची.

तेव्हा शिकलो. ओळखीचं नाव शुक्रवार देतं. सोमवार त्याच्या हातात नसतो. जुन्या नावाने माणूस आत येतो, पण येताना मूळ सिनेमा सोबत घेऊन येतो, आणि अडीच तास त्याच्या शेजारच्या खुर्चीत तो बसलेला असतो. तुझ्या प्रत्येक विनोदाला आधी शेजारच्याकडे बघतो, मग हसायचं की नाही ते ठरवतो.

सई परांजपेंच्या 'चश्मे बद्दूर'ला (१९८१) तर हे खरोखर घडलं. २०१३ साली डेव्हिड धवनचा रिमेक आला, त्याच दिवशी मूळ सिनेमाची दुरुस्त केलेली प्रतही थेटरात लागली. दोघे एकमेकांच्या शेजारी. मला ती कल्पना फार आवडली. आमच्या भागात मात्र मूळ लागला नाही, त्याचं वाईट वाटतं.

'सैराट'बद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण तू विचारलेल्या प्रश्नाचा खरा पेच तिथे आहे. नागराज मंजुळेंचा सिनेमा २०१६ चा. खान्देशात मी तो सहा-सात ठिकाणी पब्लिकमध्ये उभं राहून पाहिला. 'झिंगाट' लागलं की पोरं पडद्यापुढे जाऊन नाचायची, चिल्लर उडायची, डोअरकीपर वैतागायचे. आणि शेवटी ते लहान बाळ, ती पावलं, आणि आवाज बंद. ज्या पोरांनी मघाशी शिट्ट्या मारल्या तीच खाली मान घालून बाहेर पडायची. पायऱ्यांवर कोणी कोणाशी बोलत नसे. रिप्रेझेंटेटिव्ह म्हणून मी हजारो शो सुटताना पाहिले, असा सुटणारा शो दुसरा नाही पाहिला. आणि माणसं परत येत होती, हे विशेष. शेवट माहीत असून.

दोन वर्षांनी हिंदीत 'धडक' आला. करमाळ्याचं उदयपूर झालं, गाणं तेच ठेवलं, चेहरे गोरे-गोमटे. धंदा बरा केला, खोटं कशाला बोलू. पण मूळ सिनेमात त्या दोघांच्या मधोमध जी जात उभी होती, ती हिंदीत जवळजवळ दिसेनाशी झाली, श्रीमंत-गरीब एवढंच उरलं. शेवटही फिरवला. माझ्या ओळखीच्या एका थेटरात हिंदी 'झिंगाट' लागलं, पोरं उठली, नाचली, पण ओठांवर शब्द मराठी. शो सुटल्यावर बाहेर शांतता नव्हती. लोक गाडी कुठे लावली, भेळ खायची का, असं बोलत होते.

यावर एकाने मला म्हटलं होतं की ज्यांनी सैराट पाहिला नाही त्यांच्यासाठी धडक होता, तुम्ही कशाला तुलना करता. बरोबर आहे. दुसऱ्या भाषेतल्या पब्लिककडे तुकडा नसतो, तिथे रिमेकला मोकळं रान असतं. मल्याळममधला १९९३ चा 'मणिचित्रताळ' कन्नड, तमिळ, बंगाली आणि शेवटी २००७ साली 'भूलभुलैया' होऊन भुसावळला आला, तेव्हा इथे मूळ कोणी पाहिलेला नव्हता. ते दिवस आता सरले. आज दक्षिणेचा सिनेमा हिंदीत डब होऊन दुसऱ्या महिन्यात पोरांच्या मोबाईलवर असतो. 'शहजादा' २०२३ साली लागला तोवर मूळ तेलुगू सिनेमाचं हिंदी डबिंग टीव्हीवर येऊन गेलं होतं. मोकळं रान उरलेलं नाही. पण धडकबद्दल माझी तक्रार तुलनेची नाहीच. दुसऱ्या गावात गोष्ट न्यायची तर त्या गावची जखम शोधायला लागते. उदयपूरला जातपात नाही काय? गोष्टीचा काटाच काढून घेतला, मग टोचणार काय?

काटा तसाच ठेवून गाव बदलणारी माणसं मी आपल्या शेजारी पाहिली आहेत. मालेगाव. जिल्हा नाशिकचा, पण बोलीने आणि बाजाराने आपल्याला लागून. तिथे शेख नासिर या व्हिडिओ पार्लरवाल्याने २००० साली 'मालेगाव के शोले' केला. पैसे नाहीत, घोडे नाहीत, तर डाकू सायकलींवर आले. नट यंत्रमागावर काम करणारे. पुढे सुपरमॅनच्या सिनेमाची तयारी चालू असताना फैजा अहमद खान हिने त्यांच्यावर 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट केला. त्यात बघ, क्रेनच्या जागी बैलगाडी आहे आणि एकुलता एक कॅमेरा पाण्यात पडतो. सुपरमॅन झालेला शफीक हाही यंत्रमागाचा कामगार, पुढे लवकरच कॅन्सरने गेला. २०२५ साली त्यांच्यावर रीमा कागतींचा मोठा हिंदी सिनेमाही आला. म्हणजे नक्कल करणाऱ्यांवरच सिनेमा निघाला.

मोठ्या बजेटचा शोलेचा रिमेक पडला आणि मालेगावचा लोकांनी डोक्यावर घेतला, याचं कारण मी बरीच वर्षं शोधत होतो. सायकलवरचा डाकू बघून मालेगावचा माणूस हसतो, तेव्हा तो शोलेला हसत नसतो. आपल्याकडे घोडा नाही, याला हसतो. त्या हसण्यात दिवसभर मागावर उभं राहून सुजलेले पायही आहेत. लोकांकडचा तुकडा त्याने हिसकावून घेतला नाही, मागून घेतला आणि त्यात आपली सायकल जोडली. म्हणून लोकांनी दिला.

आता तुझ्या सिनेमाचं बोलू.

पहिली गोष्ट, मूळ सिनेमा सीनला सीन अहिराणीत बोलू नका. तुमच्या व्हिडिओंना जे हसू येतं ते 'ओळखीचं वाक्य आपल्या बोलीत ऐकलं' याचं असतं. दारात उभं राहून मान्यांची चौकशी करणारा तो प्रश्न अहिराणीत "आठेच ऱ्हातस का?" असा आला, की लोक हसणार, शंभर टक्के हसणार. एकदा. दोन मिनिटांच्या व्हिडिओला एक हसू पुरतं. दोन तासांना नाही पुरत. माझ्या त्या थेटरमालकाचा शुक्रवार आठव.

दुसरी गोष्ट, चेहरे. अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या जागी तुमच्यातले कोण उभे राहणार आहेत मला माहीत नाही, चांगलेच असतील. पण त्या दोघांच्या लकबी लोकांच्या अंगात आहेत. तुमच्यातला जो साडी नेसणार आहे त्याने लक्ष्याची मान, लक्ष्याचा तो दबका आवाज आणला तर तो मिमिक्री करणारा वाटेल. शिरपूरच्या मातीतल्या स्मिता पाटीलचा 'उंबरठा' घे. जब्बार पटेलांनी तोच सिनेमा हिंदीत 'सुबह' म्हणून केला. दिग्दर्शक तोच, बाई तीच, गोष्ट तीच. तरी आपल्याकडे कोणी 'सुबह' म्हणतं का? खुद्द मूळ चेहऱ्याला जे साधलं नाही ते नकलेला साधेल, ही आशा सोडा.

तिसरं, आणि हे मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. मूळ सिनेमात पोरांना खोली मिळत नाही, कारण ती लग्न झालेली नाहीत. १९८८ साली पुण्यात तो काटा होता. आज जळगावात, धुळ्यात काय आहे? नंदुरबारहून, तळोद्याहून, चोपड्याहून शिकायला, स्पर्धा परीक्षेला, एमआयडीसीत कामाला पोरं येतात. माझ्याच गल्लीत खोली बघायला आलेला एक पोरगा मी पाहिला. घरमालकीण मावशी दारात उभी, हातात भरताची वांगी. आधी म्हणाली, "या ना भाऊ, खोली मोकळीच आहे." मग विचारलं, "आडनाव काय तुमचं?" पोराने सांगितलं. मावशीने वांग्यांकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही हो, आमच्या जावईबापूंचं येणं आहे पुढच्या महिन्यात. खोली लागेल." पोरगा बॅग उचलून गेला. त्याच्या चालण्यावरून कळत होतं की जावईबापू त्याला आधीही चार ठिकाणी भेटलेत.

हा तुमचा सिनेमा आहे. खोली हवी म्हणून चार पोरं काय सोंग आणतात? बाईचं आणायची गरजच नाही, आडनावाचं आणा. एक जण दुसऱ्याचं आडनाव लावतो, मग त्या आडनावाचे पाहुणे घरी येतात, कूळ विचारतात, सोयरीक काढतात. एक जण शाकाहारी होतो आणि घरात शेवभाजीचा वास आला की पळ काढतो. भरीत पार्टीला सगळी गल्ली शेतात जमते आणि तिथे खरं उघडं पडायची वेळ येते. मी लिहिणारा नाही, पण एवढं सुचतंय, म्हणजे गोष्टीत जागा आहे.

आणि यात कायद्याचीही सोय आहे. 'बनवाबनवी'चे प्रसंग, पात्रं, संवाद घ्यायचे तर हक्क लेखी विकत घ्यायला लागतील. सिनेमाचा हक्क प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं चालतो, म्हणजे १९८८ च्या सिनेमाचा २०४८ संपेपर्यंत. शिवाय मूळ कथा आणखी मागची, तेव्हा कोणाकडून काय घ्यायचं हे वकिलाला विचारल्याशिवाय पैसे देऊ नका. "यूट्यूबवर कोण बघतंय" असं कोणी म्हटलं तर ऐकू नका. सिनेमा चालला की सगळे बघतात. पण 'खोली मिळत नाही म्हणून सोंग आणलं' ही नुसती कल्पना कोणाच्या मालकीची नसते. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं. आणि गंमत बघ, तो खटला ज्या सिनेमावर झाला त्या १९५६ च्या 'न्यू दिल्ली'त किशोर कुमार पंजाबी असतो, दिल्लीत प्रांत विचारल्याशिवाय कोणी खोली देत नाही, म्हणून तो मद्रासी होऊन राहतो. म्हणजे आडनावाचं सोंगही नवीन नाही. सत्तर वर्षं झाली, प्रांताच्या जागी आडनाव आलं, खोली अजून मिळत नाही. असा विषय कितीही वेळा करा, शिळा होत नाही.

अमळनेरचा आहेस म्हणून आणखी एक. साने गुरुजी तुझ्या गावच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. अत्र्यांचा १९५३ चा 'श्यामची आई' पहिल्या राष्ट्रीय पुरस्काराचा मानकरी, आणि २०२३ साली सुजय डहाकेने पुन्हा 'श्यामची आई' केला, तोही कृष्णधवल. त्यावर कोणी जोडे घेऊन आलं नाही. कारण लोकांच्या मनात मूळ म्हणून अत्र्यांचा सिनेमा नाही, पुस्तक आहे. दोन्ही सिनेमे पुस्तकापुढे सारखेच उमेदवार. पुस्तकावरचा, नाटकावरचा सिनेमा पुन्हा करणं म्हणूनच सोपं जातं. 'बनवाबनवी'च्या मागे लोकांच्या मनात कुठलं पुस्तक नाही. तिथे पडदाच मूळ आहे.

आणि जर तुमच्या ग्रुपचं प्रेम खरोखर मूळ सिनेमावरच असेल, नवीन सांगायचं काही नसेल, तर सरळ मूळ सिनेमा परत लावायची खटपट करा. 'तुंबाड' २०१८ साली जेमतेम चालला, २०२४ साली पुन्हा लावला तर पहिल्यापेक्षा जास्त कमावून गेला. आमची रिपीटची फेरीच ती, फक्त पेटी राहिली नाही, सगळं सर्व्हरवरून येतं. अमळनेरला, चाळीसगावला एखाद्या रविवारी सकाळचा शो घेतला तर मालक नाही म्हणणार नाहीत, सकाळी पडदा रिकामाच असतो. हक्काचं आणि भाड्याचं कसं करायचं ते मी सांगेन.

सिनेमाच करायचा असेल तर आधी खोली बघायला जाण्याचा तो एक प्रसंग अहिराणीत लिहून काढ. घरमालकीण, वांगी, आडनाव, जावईबापू. दहा मिनिटांचा पुरे. घेऊन भुसावळला ये. माझा नातू अकरावीला आहे, त्याने 'बनवाबनवी' पाहिलेला नाही, मी मुद्दामच दाखवलेला नाही. त्याला वाचून दाखवू. तो कुठे हसतो आणि कुठे गप्प होतो ते बघू, मग पुढचं बोलू.